निळं, लाल, शिसपेन

सकाळी साडेनऊला गोकुळचा फोन आला, तेव्हा समतानं चहाचा कप नुकता लॅपटॉपशेजारी टेकवला होता. पुढच्या दोन मिनिटांतलं तिला नंतर एवढंच आठवत राहिलं, की बोलणं ऐकताना आपण चहावर धरत चाललेल्या सायीकडे टक लावून बघत होतो. गोकुळ हा गावातल्या वामनरावांचा नातू. देऊळघाटच्या पुढचं ते गाव, जिथून समताचे वडील दयाराम पन्नास वर्षांपूर्वी बुलढाण्याला आले. गोकुळ सहसा फोन करत नसे. "ताई, एक इचारू का? राग नोका मानू," तो म्हणाला. "आबानं आज सकायी दाजीबाचा फोटो भितीवरून उतरवला. हार काढला, न् फोटो कोठीमांगं उलटा करून ठेवला. कोनाशी बोलून नाही राह्यले." दाजीबा म्हणजे वामनरावांचे थोरले भाऊ, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. "म्या म्हटलं काऊन, आबा? तं म्हनते, पुस्तकात हाय, मसनातला हद्दीचा दगड दाजीबानं उपटला, दयारामनं डोयानं पाह्यलं. दयाराम न पाह्यलेलं पाह्यलं म्हनत नाही. ताई, मले एवढंच सांगा, काकानं खरंच पाह्यलं का? पाह्यलं असंल तं ऱ्हाऊ द्या फोटो तिथंच. माहं काही म्हननं नाही. पन आयकलेलं असंल तं..." समता म्हणाली, "पाहून सांगतो तुले." आणि हे म्हणताना तिचे कान तापले, कारण वडिलांच्या आठवणींचं ते पुस्तक तिनं स्वतः टाइप केलं होतं, ओळ न् ओळ, आणि तिला ठाऊक नव्हतं.

ठाऊक नव्हतं म्हणजे काय? तिनं स्वतःलाच विचारलं. तीन वह्या, सहा महिने, रोज संध्याकाळी दोन तास. आणि एवढं करून हाती काय, तर धुपाटणं! दयाराम बत्तीस वर्षं जमिनीची मोजणी करत होते. साखळी, झेंडे, नकाशाचं कापड, उन्हानं करपलेली मान. त्यांच्या नकाशात एकाच बांधाच्या दोन रेघा असायच्या. कागदपत्रांप्रमाणे हद्द कुठं, ती काळी रेघ. आणि आज प्रत्यक्षात कोण कुठपर्यंत नांगरतो, ती लाल तुटक. "कागद काय म्हनते ते येगळं न् जमिनीवर काय हाय ते येगळं," ते म्हणायचे. "दोन्ही एका रेघेत काढनारा मोजनीदार नसते, चोर असते." निवृत्त झाल्यावर आठवणी लिहायला बसले तेही याच हातानं. डोळ्यानं पाहिलेलं निळ्या पेनानं, दुसऱ्याकडून ऐकलेलं लाल. म्हणून त्यांच्या वहीत 'असं म्हणतात', 'असं कानावर आलं' हे शब्दच सापडायचे नाहीत. रंग बोलायचा, माणसानं बोलायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि पुण्यातली खोली सोडून समता घरी आली. काम घरूनच करायचं होतं, त्यामुळे कंपनीनं खळखळ केली नाही.

तिचं काम यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं. पूर्वी त्या पुस्तिका एक्सएमएलमध्ये असत: प्रत्येक गोष्टीला नावाचं कुंपण. ही सूचना, हा धोका, ही पायरी, हे सुट्या भागाचं नाव. कुंपण उघडायचं, मजकूर लिहायचा, कुंपण बंद करायचं. एक बंद करायचं राहिलं, तर अख्खी फाइल रुसून बसणार. समतानंच मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं, की हे जोखड काढा. मार्कडाउन घ्या. साधा मजकूर, ठसठशीत हवं तिथं चांदणी, तिरकं हवं तिथं शब्दाच्या दोन्ही बाजूंना खालची रेघ. व्हॉट्सॲपवर शेंबडं पोरही करतं. लिहिणाऱ्याला अडवू नका! टीममधली अश्विनी तेवढी विरोधात बोलली, हळू आवाजात, नाकावरचा चष्मा सरकवत. "समता, तुझी अक्षरं तिरकी दिसतात. पण ती तिरकी का आहेत, हे फाइलला कुठं माहीत असतं?" सगळे हसले होते. समताही हसली होती, आणि जिंकली होती. वडिलांच्या वह्यांना हात घातला तेव्हा तिनं दुसरा विचारसुद्धा केला नाही. निळं ते सरळ, लाल ते तिरकं, संपलं. पुढं वहीत बायकांची गाणी आली, तीही तिरकी शोभली. कचेरीतल्या हुकमांची नावं आली, तीही. एकाच तिरक्या चालीनं तीन कामं व्हायला लागली. आणि ही सोय तिला आवडली होती.

गावच्या ग्रुपवर पुस्तकाची पानं आली होती, आणि त्यांत एकही अक्षर तिरकं नव्हतं. तिनं छापखान्यात प्रेमानंदला फोन लावला. "जय भीम ताई! पाह्यलं का गावच्या ग्रुपवर?" तो उत्साहात होता. रविवारी विहारात प्रकाशन, म्हणून त्यानं पुस्तकाची चार पानं जाहिरातीसारखी टाकली होती. "प्रेमानंद, माझी तिरकी अक्षरं कुठं गेली?" "तिरकी? ताई, या फाँटाले तिरकं येतच नाही. म्या सगळं सरळ करून टाकलं. काय गोड दिसून राह्यलं पान!" तिनं डोळे मिटले. त्याचा काय दोष? तिरकं म्हणजे ऐकीव, हे फाइलला माहीत नव्हतं तसं त्यालाही नव्हतं. ते फक्त तिच्या डोक्यात होतं, आणि डोकं काही छापायला जात नाही. कोणती ओळ ते तिनं सांगितल्यावर तो म्हणाला, "हात्तेच्या! एका ओळीचं हाय ना? कंसात 'असे ऐकले' टाकतो. दोन मिनिटाचं काम. फक्त चारच्या आत सांगा, चारले छपाईच्या प्लेटा बनते." त्याचं 'दोन मिनिटाचं काम' ऐकून तिला इतकं हलकं वाटलं, की थंड झालेला चहा ती एका दमात प्याली. एक ओळ. कंस टाकायचा, गोकुळला कळवायचं, फोटो भिंतीवर परत. फक्त आधी खात्री करायची, की ती ओळ वहीत लालच आहे.

वह्या वडिलांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होत्या. दयाराम अंगणात उन्हाला बसले होते. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती आणि खुर्चीला टेकवलेली काठी. काल त्यांनी दोनदा विचारलं होतं, प्रूफ आलं का म्हणून, आणि ती दोन्ही वेळा "येतं ना" म्हणाली होती. कपाटाचं दार किरकिरतं, म्हणून तिनं ते इंचाइंचानं उघडलं. अडतीस वर्षांची बाई, कंपनीत आठ जणांच्या कामावर सही करणारी, आणि स्वतःच्या घरात चोरपावलांनी चाललेली! असंच ती एकदा दहा वर्षांची असताना चालली होती. शेजारच्या जीवननं वाण्याच्या आवारातले पेरू चोरले, आणि समतानं सगळ्यांना सांगितलं, मी पाह्यलं. जीवनला त्याच्या बापानं पट्ट्यानं मारलं. संध्याकाळी वडील मोजणीवरून आले, पायातले जोडे न काढताच तिच्यासमोर उकिडवे बसले. "पाह्यलं का आयकलं?" तिनं त्यांच्या जोड्यांकडं पाहिलं. "पाह्यलं का आयकलं, समता?" ऐकलं होतं. त्यांनी तिचा हात धरला नाही की आवाज चढवला नाही. नुसतं दार उघडून उभे राहिले, आणि तिला एकटीला जीवनच्या घरापर्यंत चालत जाऊन, त्याच्या बापासमोर, म्या पाह्यलं नव्हतं, असं म्हणावं लागलं. सतरा पावलं होती ती. त्या दिवसापासून तिला त्या प्रश्नाची भीतीही होती आणि रागही. आई वैतागून म्हणायची, "भाजीत मीठ कमी हाय म्हटलं तरी इचारते हा मानूस, चाखलं का आयकलं!" वहीतले लाल-निळे रंग एकाच खालच्या रेघेत उरकताना आपल्या मनात त्या सतरा पावलांचा सूड तर नव्हता? छे, भलतंच काहीतरी, असं म्हणून तिनं पहिली वही उघडली.

ओळ सापडली. आणि ती एक ओळ नव्हतीच. वस्तीच्या स्मशानाची जागा, शहाऐंशी साल. 'हद्दीचा दगड जागेवर नव्हता, जुना खड्डा त्याच्यापासून नऊ हात अलीकडे, त्यातली माती भुसभुशीत,' हे निळं. आणि त्याच वाक्याला जोडून, मध्ये श्वासही न घेता, लाल: 'दाजीबानं गडी लावून उपटला.' तिनं टाइप करताना पूर्ण वाक्य तिरकं केलं होतं. अर्धं अर्धं कोण करत बसणार? म्हणजे तिचं तिरकं जागेवर राहिलं असतं, तरी ते खोटंच ठरलं असतं. वडिलांनी स्वतः साखळी टाकून मोजलेले नऊ हात तिनं ऐकीव करून टाकले असते. आणि प्रेमानंदचा तो कंसही तेच करणार होता. ती पलंगावर बसली आणि गोकुळला फोन लावला. "दगड सरकला, हे बाबानं पाह्यलं. मोजलं. ते पक्कं हाय," ती म्हणाली. "दाजीबानं सरकवला, हे आयकलेलं. लाल पेनानं लिवलं हाय. छापताना माह्याकडून रंग गेला, गोकुळ. चूक माही हाय, बाबाची नाही." मग तो म्हणाला, "मंग आबाले काय सांगू? फोटो लावा म्हनू?" "जे हाय ते सांग. फोटोचं त्यायचं त्याहिले ठरवू दे." "बरं," गोकुळ म्हणाला, आणि मग अवघडून, "फोन केला ते बरं केलं, ताई."

आता वही मिटायला हरकत नव्हती. पण तिच्यानं ती मिटवेना. एका ओळीत हे, तर बाकीच्या साडेतीनशे पानांत काय काय करून ठेवलं असेल? ती पानं उलटत गेली. निळं, लाल, निळं. आणि अधूनमधून शिसपेन. शिसपेनीच्या ओळी तिला आठवत होत्या. त्या तिनं सरळच टाइप केल्या होत्या, निळ्यासारख्या. पेनातली शाई संपली असेल, हाताला लागलं ते उचललं असेल. विचारायला हवं होतं? वडील तेव्हा एकेक शब्द जिभेवरून ओढून काढत होते. निळं न् लाल एवढं त्यांनी सांगितलं, आणि तिला तेवढं पुरलं. आता मात्र तिची बोटं आपोआप वहीच्या पुठ्ठ्याकडं गेली. वडिलांनी तिन्ही वह्यांना खाकी कव्हर घातलं होतं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं, कडा आत दुमडून. तिनं दुमड उघडली. आत, त्यांच्या बारीक सरळ अक्षरात, नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचा तक्ता असतो तसा तक्ता होता. निळं: पाहिलं. लाल: ऐकलं. शिसपेन: माझा अंदाज.

शिसपेनीची एक ओळ तिला पाठ होती. त्यासाठी पान शोधावं लागणार नव्हतं, तरी तिनं तिसरी वही उघडली, उघडताना उगाच वेळ लावला, मधली दोन कोरी पानं हातानं साफ केली. आई गेली त्या दिवसाचं पान. वडील मोजणीला पिंपळगाव राजाला होते, समता पुण्यात, नवी नोकरी. घरी आई एकटी. लाल: 'दोन वाजता रुख्मिणी डाळ निवडत होती, शेजारची मंजुळाबाई तिच्याशी बोलून गेली.' निळं: 'मी सहाला पोचलो. ताटात डाळ अर्धी निवडलेली. तिची मूठ आवळलेली, मुठीत पदराचं टोक. मूठ मी उघडली.' आणि त्याखाली: 'शेवटी तिला त्रास झाला नाही.' ही ओळ पहिल्यांदा टाइप केली त्या संध्याकाळी समता न्हाणीत जाऊन रडली होती, सुटल्यासारखी. कारण आई गेली त्याच्या आदल्या रविवारी ती फोनवर म्हणाली होती, छातीत जळजळते गं. आणि समता मैत्रिणींबरोबर बाहेर निघाली होती. ती म्हणाली, आंबट खाऊ नको, आई. बस, एवढंच. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांना तर नाहीच. मग वहीत ती ओळ आली, त्रास झाला नाही, आणि ती लिहिणारा माणूस न पाहिलेलं पाहिलं म्हणत नाही, ही तर अख्ख्या गावाची साक्ष. त्या ओळीवर तिनं तेव्हापासून सगळा भार टाकला होता. आज सकाळी एका म्हाताऱ्यानं ज्या भरवशानं भावाचा फोटो उतरवला, अगदी त्याच भरवशानं. आवळलेली मूठही तिनंच टाइप केली होती. ती कशी दिसली नाही? दिसली, पण मानली नाही. तिनं पान खिडकीकडं तिरपं धरलं. शिसं उजेडात चकाकलं.

"काय शोधून राह्यली?"

काठीचा आवाज तिला आलाच नव्हता. दयाराम दारात उभे होते, उजवा हात पोटाशी धरलेला. वही लपवण्यात अर्थ नव्हता. "बाबा," ती म्हणाली, आणि आवाज दहा वर्षांच्या पोरीचा निघाला, "शिसपेन म्हंजे अंदाज व्हय का?" त्यांनी मान हलवली. "कव्हराखाली... लिवलं व्हतं." "ते म्या आज पाह्यलं." ते पलंगापर्यंत आले, तिच्याशेजारी बसले, बसायलाच अर्धं मिनिट गेलं. "मंग छापाले... काय गेलं?" "सगळं सारखंच गेलं. लाल नाही, शिसपेन नाही. सगळं तुमी पाह्यलं म्हून." आता विचारतील, असं तिला वाटलं. काऊन? एवढं शिकून, एवढं मोठं काम करून, काऊन? पण त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. साडेबारा. "कवा छापते?" "चारले." "थांबव."

प्रेमानंद फोनवर जवळजवळ ओरडलाच. मंडप सांगितला, पत्रिका गेल्या, लोकाईले काय तोंड दाखवू? "एक ओळ म्हने न् आता सगळं पुस्तक?" "सगळं," समता म्हणाली. "महिना लागेल. आणि या वेळी फाइलमध्ये नुसतं तिरकं-सरळ नसेल. प्रत्येक वाक्याभोवती लिहिलेलं असेल, पाह्यलं, आयकलं का अंदाज. तुझा फाँट कोणताही असू दे, पुसलं जाणार नाही. तू फक्त मला तीन रंग छापून दे." "तीन रंगाले खर्च येते, ताई." "येऊ दे." फोन ठेवताना तिचं डोकं सकाळपासून पहिल्यांदाच ताळ्यावर होतं. तिनं लॅपटॉप पलंगावरच आणला, नवी फाइल उघडली, तीन कुंपणांची तीन नावं ठरवली. सुरुवात पहिल्या पानापासून करायला हवी होती. तिनं मांडीवर तिसरी वही तशीच ठेवली आणि त्या एका ओळीपुढं उघडणारं कुंपण घातलं: अंदाज. बंद करायच्या आधी थांबली. "बाबा, ही ओळ... काढू का?"

दयारामांनी ओळ वाचली नाही. त्यांना वाचायची गरज नव्हती. त्यांचा डावा हात वहीवर आला, मुठीच्या त्या निळ्या वाक्यावर, आणि तिथंच राहिला. "मले पाह्यता नाही आलं," ते म्हणाले, एकेक शब्द ओढत. "आयकता नाही आलं. कोनी नव्हतं तिच्यापाशी. म्हून अंदाज." मग, "ऱ्हाऊ दे. अंदाज म्हून लिव, पन ऱ्हाऊ दे." समतानं कुंपण बंद केलं. फाइल रुसली नाही. आणि अशा वेळी माणूस काय बोलून जातो, ते त्याचं त्यालाही नंतर सांगता येत नाही, तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, आईनं मले सांगतलं व्हतं. आदल्या रविवारी. छातीत जळजळते म्हने. म्या म्हटलं, आंबट खाऊ नोको."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. दयारामांच्या चेहऱ्याची चांगली बाजू तिच्याकडं होती, आणि ती हलली नाही. पंधरा वर्षं आपण हे या माणसापासून लपवलं, आणि आता ते बोलून गेलो, परत घेता येणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात घणघणत होतं.

"तुनं आयकलं ना?" ते म्हणाले. "सोताच्या कानानं?"

"हाव."

"मंग लाल पेन घे."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते थट्टा करत नव्हते आणि शिक्षाही देत नव्हते. मोजणीत एखादी खूण राहून गेली की मागं जाऊन घालतात, तसं सांगत होते. लाल पेन कपाटातल्या डब्यात होता, दोन वर्षं कुणी न वापरलेला. तो चालेना. तिनं तो कव्हराच्या दुमडीवर आठ-दहा वेळा घासला, तेव्हा कुठं रेघ उमटली. दयारामांनी डाव्या हातानं वही घट्ट दाबून धरली, आणि 'दोन वाजता रुख्मिणी डाळ निवडत होती' याच्या वर, समासातल्या उरल्यासुरल्या जागेत, तिनं आपल्या अक्षरात लिहिलं: आदल्या रविवारी रुख्मिणीनं फोनवर सांगितलं, छातीत जळजळते. मी ऐकलं. समता.

त्यांनी ते सावकाश वाचलं, ओठ हलवत, दोनदा.

"आता मशिनीत टाक," ते म्हणाले.